जपानी आदरवचने : शासकीय मार्गदर्शन आणि कार्यालयीन व्यवहार

१

जपानी भाषेतील आदरवाचक शब्दप्रयोगांच्या व्यवस्थेस 'केइगो' असे म्हणतात. ह्या व्यवस्थेशी आपल्याकडील विद्यार्थ्याचा परिचय बहुधा एका कोष्टकाच्या द्वारे होतो. पहिल्या रकान्यात साधे क्रियापद, दुसऱ्यात त्याचे आदरार्थी रूप आणि तिसऱ्यात नम्रतावाचक रूप, अशी ती मांडणी असते. 'जाणे', 'येणे' व 'असणे' ह्या तिन्ही अर्थांची क्रियापदे 'इराश्शारु' ह्या एकाच आदरार्थी रूपात एकत्र येतात. 'बोलणे' ह्या अर्थाचे 'इउ' हे क्रियापद आदरार्थी 'ओश्शारु' व नम्रार्थी 'मोसु' होते. 'खाणे' ह्या अर्थाचे 'ताबेरु' हे दुसऱ्याविषयी बोलताना 'मेशिआगारु' आणि स्वतःविषयी बोलताना 'इतादाकु' होते. हे कोष्टक पाठ झाले म्हणजे विषय संपला, अशी समजूत होणे स्वाभाविक आहे. परंतु जपानी कार्यालयात दूरध्वनी घेण्याचा प्रसंग आला म्हणजे ही समजूत टिकत नाही.

केइगोचे आणखी एक कोष्टक देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. जपानमधील शासकीय भाषामंडळांनी केइगोविषयी वेळोवेळी मार्गदर्शन केले आहे. त्यांपैकी १९५२ व २००७ ह्या दोन वर्षांची मार्गदर्शने समोर ठेवून, ती प्रत्यक्ष कार्यालयीन व व्यापारी व्यवहाराला कितपत लागू पडतात, हे येथे तपासावयाचे आहे. १९५२ च्या मार्गदर्शनाला भाषेची घडण पुरती उमगली नव्हती; मात्र तिच्यातील धोका त्याने अचूक हेरला होता. २००७ च्या मार्गदर्शनाने घडण अधिक सूक्ष्मतेने उलगडली. मात्र धोक्याविषयी ते पुरेसे स्पष्ट बोलले नाही. हे ह्या लेखाचे प्रतिपाद्य होय.

२

प्रथम केइगोच्या मूलतत्त्वाविषयी थोडे लिहिणे अवश्य आहे. कारण मराठी भाषकाची अडचण नेमकी येथेच असते. मराठीत आदर हा ज्याच्याविषयी बोलावयाचे त्या व्यक्तीला बहुधा कायमचा चिकटलेला असतो. कचेरीतील वरिष्ठांचा उल्लेख आपण आदरार्थी बहुवचनाने करतो, आणि ऐकणारा घरचा आहे की परका आहे ह्याने त्या बहुवचनात फरक पडत नाही. बाहेरच्या माणसाने चौकशी केली तरी 'साहेब बाहेर गेले आहेत' असेच आपण सांगतो. 'साहेब बाहेर गेला आहे' असे सांगणारा कारकून उद्धट ठरेल.

जपानी कार्यालयात ह्याच प्रसंगी वेगळे घडते. बाहेरील कंपनीतून दूरध्वनी आला आणि आपले विभागप्रमुख तानाका जागेवर नसले, तर नवशिक्या कर्मचाऱ्यालाही 'तानाका वा तादाइमा सेकि ओ हाझुशिते ओरिमासु' असे म्हणावे लागते. येथे 'तानाका' ह्या नावापुढे 'सान' हा आदरवाचक प्रत्यय नाही, आणि 'ओरिमासु' हे क्रियापदही नम्रार्थी आहे. एरवी, कार्यालयातल्या कार्यालयात, हाच कर्मचारी ह्याच गृहस्थांना 'बुचो' ह्या पदनामाने संबोधतो व त्यांच्याविषयी 'इराश्शाइमासु' असे आदरार्थी क्रियापद वापरतो. माणूस तोच, बोलणाराही तोच. केवळ ऐकणारा बदलला आणि क्रियापद एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गेले.

ह्याचे कारण 'उचि' व 'सोतो', म्हणजे आतले व बाहेरचे, ह्या भेदात आहे. बाहेरच्या माणसासमोर आपली संपूर्ण कंपनी ही 'आपण' ठरते, आणि स्वतःची थोरवी स्वतः गाऊ नये ह्या न्यायाने आपल्या वरिष्ठाचीही थोरवी बोलून दाखवावयाची नसते. जपानी व्याकरणकार ह्याला सापेक्ष आदर म्हणतात. मराठीतील आदर त्या मानाने निरपेक्ष आहे. केइगो ही पदांची स्थिर उतरंड आहे असे मानणाऱ्याला हा बदल विसंगत वाटेल. बोलणारा ह्या क्षणी कोणत्या वर्तुळात उभा आहे, ह्याची ती खूण आहे असे मानले म्हणजे विसंगती उरत नाही.

दुसरी अडचण अशी की, रूपे निर्दोष असूनही वाक्य असभ्य ठरू शकते. वरिष्ठांना कॉफी हवी आहे काय, हे विचारताना 'ओनोमि नि नारिताइ देसु का' असे म्हटले, तर व्याकरणदृष्ट्या त्यात आदरार्थी रूप आहे. परंतु वरिष्ठाच्या इच्छेला असा थेट हात घालणे जपानी शिष्टाचारात बसत नाही. तेथे 'कोही वा इकागा देसु का', म्हणजे 'कॉफी कशी काय वाटेल?', अशी आडवळणाची विचारणा योग्य मानली जाते. आपल्याकडे पाहुण्याला 'आपल्याला चहा हवा का?' असे विचारणे हे आतिथ्याचे लक्षण समजले जाते, म्हणून मराठी भाषक नेमका येथे चुकतो. कोष्टकात ह्या चुकीला रकाना नाही.

३

दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ साली जपानची नवी राज्यघटना अंमलात आली. सर्व नागरिकांची समता हे तिचे एक प्रमुख तत्त्व होते. ज्या भाषेत दोन प्रौढ माणसांना एकमेकांचे स्थान ठरविल्यावाचून एक वाक्यही पुरे करता येत नाही, तिची सांगड ह्या तत्त्वाशी कशी घालावयाची, असा प्रश्न तेव्हा उभा राहिला. त्याला उत्तर म्हणून राष्ट्रभाषा परिषदेने १९५२ च्या एप्रिलमध्ये 'कोरे कारा नो केइगो', म्हणजे 'ह्यापुढील आदरवचने', हे टिपण शासनाला सादर केले. दोस्त राष्ट्रांचा अंमल संपण्यास तेव्हा दोन आठवडे उरले होते.

टिपणाची भूमिका थोडक्यात अशी : आजवरचे केइगो मुख्यतः वरिष्ठ-कनिष्ठ संबंधांवर वाढले; ह्यापुढे ते परस्परांच्या मानवी प्रतिष्ठेच्या आदरावर उभे असावे आणि शक्य तितके साधे व सुटसुटीत असावे. ह्या भूमिकेतून परिषदेने काही व्यावहारिक सूचना केल्या. प्रथमपुरुषी 'वाताशि' व द्वितीयपुरुषी 'आनाता' ही प्रमाणरूपे मानावीत; नावापुढे 'सान' हाच सर्वसामान्य प्रत्यय लावावा; संभाषणाचा पाया 'देसु' व 'मासु' ह्या सौजन्यदर्शक शेवटांवर असावा; आदरार्थी क्रियापदांत नियमित चालणाऱ्या '-रेरु', '-रारेरु' ह्या रूपांना पुढे वाव द्यावा.

ह्यांपैकी 'सान' आणि 'देसु-मासु' ह्या सूचना टिकल्या. त्या मुळातच लोकव्यवहाराच्या दिशेने जाणाऱ्या होत्या. 'आनाता'विषयीची सूचना मात्र फसली. आजही कोणी कनिष्ठ कर्मचारी आपल्या विभागप्रमुखाला 'आनाता' म्हणत नाही. तो पदनामाने किंवा आडनावापुढे 'सान' लावून हाक मारतो, अथवा सर्वनाम गाळूनच बोलतो. ह्या अपयशाचे कारण लोकांची पुराणप्रियता नव्हे. समोरच्या व्यक्तीकडे सर्वनामाने बोट दाखविणे हेच जपानीत अनादराचे समजले जाते, आणि सर्वनाम गाळून होणारा तोटा आदरार्थी व नम्रार्थी क्रियापदे भरून काढतात. कर्ता न उच्चारताही 'इराश्शारु' म्हटले की तो समोरचा, आणि 'माइरु' म्हटले की तो बोलणारा, हे ऐकणाऱ्याला कळते. म्हणजे केइगो हे ह्या भाषेत कर्त्याची ओळख पटविण्याचेही काम करते. 'तुम्ही' ह्या सर्वनामासारखे एखादे सर्वमान्य सर्वनाम नेमून हे काम बाजूस सारता येईल, ही परिषदेची अपेक्षा भाषेच्या घडणीच्या विरुद्ध होती.

तथापि ह्याच टिपणात एक इशारा आहे, आणि त्याकडे अभ्यासकांचे लक्ष फारसे जात नाही. परिषदेने असे नमूद केले की, सेवावृत्तीचा चुकीचा अर्थ घेऊन अवाजवी चढी आदरवचने आणि अवाजवी खालची नम्रवचने वापरण्याचा प्रकार विशेषतः व्यापारी क्षेत्रात फार आढळतो. त्यामुळे स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या मानवी प्रतिष्ठेचे भान नकळत सुटते, आणि ह्यापासून सावध राहिले पाहिजे. व्याकरणाच्या टिपणात सहसा न आढळणारे हे विधान आहे. नम्रतेला खालची मर्यादा असते, आणि ती ओलांडली म्हणजे बोलणाऱ्याइतकीच ऐकणाऱ्याचीही हानी होते, असे त्यात गृहीत आहे.

४

२००० सालच्या डिसेंबरात राष्ट्रभाषा परिषदेने 'केइइ ह्योगेन', म्हणजे 'आदराभिव्यक्ती', ही अधिक व्यापक संकल्पना मांडली. ठरावीक आदररूपांपुरताच विचार न करता, समोरच्याची कदर दाखविणारे इतर सर्व भाषिक उपायही तीत समाविष्ट झाले. त्यानंतर सांस्कृतिक कार्य परिषदेने २००७ च्या फेब्रुवारीत 'केइगो नो शिशिन', म्हणजे 'आदरवचनांची मार्गदर्शिका', प्रसिद्ध केली. हिचे तीन अध्याय आहेत : पहिला तत्त्वांचा, दुसरा रचनेचा आणि तिसरा प्रत्यक्ष उपयोगाचा. तिसऱ्याची मांडणी शंकासमाधानाच्या पद्धतीची आहे.

मार्गदर्शिकेचे खरे श्रेय दुसऱ्या अध्यायात आहे. आदरवचन, नम्रवचन व सौजन्यवचन ही शालेय त्रिविध विभागणी सोडून तिने पाच वर्ग केले : सोन्केइगो (आदरवचन), केन्जोगो पहिला (नम्रवचन), केन्जोगो दुसरा अथवा तेइचोगो (विनयवचन), तेइनेइगो (सौजन्यवचन) आणि बिकागो (शोभावचन). पारिभाषिक मराठी पर्याय प्रस्तुत लेखकाचे आहेत. नम्रवचनाची ही द्विधा विभागणी केवळ वर्गवारीच्या हौसेने केलेली नाही. 'उकागाउ' व 'माइरु' ही दोन्ही 'जाणे' ह्याची नम्रार्थी रूपे म्हणून एकाच रकान्यात शिकविली जातात. परंतु 'उकागाउ' हे ज्याच्याकडे जावयाचे त्याचा मान राखते, तर 'माइरु' हे ज्याच्याशी बोलावयाचे त्याच्यापुढे विनय दाखविते. म्हणून गुरुजींकडे जावयाचे असता 'उकागाइमासु' शोभते. धाकट्या भावाकडे जावयाचे असता 'उकागाइमासु' म्हटले तर भावालाच मान दिल्यासारखे होते, आणि तेथे 'माइरिमासु' हेच योग्य ठरते. हा भेद कळल्यावर विद्यार्थ्याच्या निम्म्या चुका आपोआप सुटतात. दुहेरी आदररूपांविषयीही मार्गदर्शिका व्यवहाराला धरून आहे. 'ओश्शारारेरु'सारखी रूपे ती योग्य मानत नाही, पण 'ओमेशिआगारि नि नारु' अथवा 'ओउकागाइ सुरु' ही रूपे रूढ झाल्याचे ती मान्य करते.

पहिल्या अध्यायातील तत्त्वविचार मात्र इतका समाधानकारक वाटत नाही. केइगोचा पाया परस्पर-आदर हा असून, प्रसंग पाहून बोलणाऱ्याने स्वतः निवडलेली ती 'आत्माभिव्यक्ती' होय, असे मार्गदर्शिका सांगते. स्वतःस हीन लेखण्याचे कारण नाही, असेही तीत सुचविले आहे. तत्त्व म्हणून ह्याला कोणी हरकत घेणार नाही. पण कार्यालयात अथवा दुकानात ही निवड खरोखर कोण करतो?

भाषाशास्त्रज्ञ इदे साचिको यांनी १९८९ साली ह्या प्रश्नाला जे उत्तर दिले ते येथे महत्त्वाचे आहे. पेनेलोपी ब्राउन व स्टीफन लेव्हिन्सन यांच्या उपपत्तीनुसार सौजन्य हे वक्त्याने हेतुपूर्वक योजलेले धोरण असते. जपानी आदररूपे ह्या उपपत्तीत पुरती बसत नाहीत, असे इदे यांनी दाखविले. ह्या भाषेत रूपांची योजना बहुतांशी 'वाकिमाए' ह्या तत्त्वाने होते. 'वाकिमाए' म्हणजे स्वतःचे स्थान ओळखून समाजमान्य रूप वापरण्याचा विवेक. ह्या विवेचनात वक्त्याच्या इच्छेला फारसा अवकाश नाही. ओकामोतो शिगेको यांनी ह्याला योग्य तो प्रतिवाद केला. क्योतो व ओसाका येथील विक्रेत्यांच्या बोलण्याचा अभ्यास करून त्यांनी दाखविले की, मोठ्या विक्रीभांडारातील सेवक जेथे आदररूपांची रास रचतात, तेथे बाजारातील विक्रेते आपुलकी दाखविण्यासाठी ती सहज वगळतात. निवड आहे, परंतु ती सर्वांना सारखी उपलब्ध नाही, असा ह्या दोन मतांतून अर्थ निघतो. स्वतःच्या गाळ्यावर बसलेल्या भाजीवाल्याला ती आहे. गणवेशातील सेवकाला नाही. 'आत्माभिव्यक्ती' ह्या शब्दाने मार्गदर्शिकेने हा फरक झाकला आहे.

५

हा आक्षेप दोन प्रयोगांच्या आधारे पाहू. पहिला प्रयोग 'सासेते इतादाकु' हा होय. 'करू देण्याची कृपा आपल्याकडून मला लाभते' असा त्याचा शब्दशः भाव आहे. समोरच्याची परवानगी आणि त्या परवानगीने आपल्याला होणारा लाभ, ह्या दोन अटी पूर्ण होतील तेथे हा प्रयोग उचित, असे मार्गदर्शिका म्हणते. पुस्तकाच्या मालकाला त्याची प्रत काढू द्याल का, असे विचारताना दोन्ही अटी पूर्ण होतात. दुकानाच्या दारावरील 'आज दुकान बंद ठेवू देत आहोत' ही पाटी ह्या अटींत अर्धवट बसते. 'मला अमुक शाळेतून उत्तीर्ण होऊ दिले गेले' असे मुलाखतीत सांगणारा उमेदवार त्यांत मुळीच बसत नाही. तरीही हा प्रयोग वाढतो आहे. आइचि प्रांतातील ओकाझाकि शहरात १९५३, १९७२ व २००८ अशी तीन वेळा आदरवचनांची पाहणी झाली. तिच्यातही 'इतादाकु'युक्त रचनांची वाढ दिसून आली. शिइना मिचि यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ह्या प्रयोगाचीच स्वतंत्र मीमांसा केली असून, तो समोरच्याला मान देण्यापेक्षा स्वतःचे सौजन्य दाखविण्याकडे सरकत असल्याचे विवेचन केले आहे.

ही वाढ व्याकरणाच्या अज्ञानातून झाली असे मानणे वरवरचे होईल. आदरार्थी रूप वापरावयाचे तर समोरच्याचे स्थान ठरवावे लागते, आणि आजच्या कार्यालयात ते ठरविणे अवघड झाले आहे. वयाने लहान वरिष्ठ, कंत्राटावर आलेले ज्येष्ठ, नाव न कळलेले ग्राहक अशा मंडळींत उतरंडीचा हिशेब लागत नाही. अशा वेळी समोरच्याला उंच न चढविता स्वतःच्याच कृतीला परवानगीची झालर लावणे हा निर्धोक मार्ग ठरतो. मार्गदर्शिका ह्या प्रयोगाला दोन अटींच्या तराजूत तोलते. वक्त्याला हा आडोसा का शोधावा लागला, हे ती विचारत नाही.

दुसरा प्रयोग उपाहारगृहे व दुकाने येथील ठरीव वाक्यांचा आहे. दहा हजार येनची नोट घेताना 'इचिमान-एन कारा ओआझुकारि शिमासु', कॉफी ठेवताना 'कोही नि नारिमासु', मागणीची खातरजमा करताना भूतकाळी 'योरोशिकात्ता देश्यो का', अशी ही वाक्ये आहेत. ह्यांना जपानीत नियमपुस्तिकेचे केइगो म्हणतात, आणि वृत्तपत्रांतून त्यांची थट्टाही होते. 'दहा हजारांकडून ठेवून घेते' म्हणजे काय, ह्याचे उत्तर व्याकरणात मिळत नाही हे खरे. मार्गदर्शिकाही अशी वाक्ये प्रसंग न पाहता सरसकट वापरू नयेत असे सांगते. परंतु ही वाक्ये बोलणारी व्यक्ती बहुधा तासाच्या वेतनावर काम करणारी विद्यार्थी असते, आणि वाक्य तिला लिहून दिलेले असते. ते बदलण्याचा अधिकारच तिला नसताना, प्रसंग पाहून बोलण्याचा उपदेश तिला केल्याने काय साधणार?

ह्या दोन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. दुरुस्ती नेहमी नम्र बोलणाऱ्याची होते. ज्याच्याशी नम्रतेने बोलावयाचे त्याने कसे बोलावे, ह्याविषयी मार्गदर्शिकेचा प्रत्यक्ष उपयोगाचा भाग अतिशय मितभाषी आहे. ग्राहकाने सेवकाशी 'देसु-मासु'ने बोलावे अशी सक्ती जपानी शिष्टाचारात नाही. त्याने साधी रूपे वापरली तरी त्याला कोणी दोष देत नाही. आदर एकाच बाजूने वाहतो, आणि त्याला परस्पर-आदर असे नाव मिळते. ह्याचा परिणाम आज कायद्याच्या पुस्तकात दिसू लागला आहे. ग्राहकांकडून सेवकांचा होणारा छळ रोखण्यासाठी तोक्यो महानगराने २०२४ च्या ऑक्टोबरात नियम संमत केला व तो १ एप्रिल २०२५ पासून अंमलात आला. अशा छळाला केवळ भाषा कारण आहे असे कोणी म्हणणार नाही. वेतन, स्पर्धा व बेकारीची भीती ही कारणे अधिक बलवान आहेत. परंतु अवाजवी चढ्या व अवाजवी खालच्या बोलण्याने दोन्हीकडील प्रतिष्ठेचे भान सुटते, हा १९५२ चा इशारा ह्या नियमाच्या संदर्भात पुन्हा वाचला म्हणजे त्याचे मोल कळते.

६

आपल्याकडे हा विचार करण्यास विशेष कारण आहे. महाराष्ट्रात, विशेषतः पुण्यात, जपानी भाषेचे अध्यापन दीर्घकाळ चालू असून, येथील अनेक विद्यार्थी जपानी कंपन्यांत दुभाषी, अनुवादक अथवा अभियंते म्हणून काम करतात. त्यांच्यासाठी केइगो हा केवळ परीक्षेचा विषय राहत नाही. त्यांना शिकविताना तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात असे वाटते.

पहिली अशी की, कोष्टकाच्या आधी वर्तुळ शिकवावे. 'ह्या वाक्यात आतले कोण आणि बाहेरचे कोण?' हा प्रश्न आधी विचारला म्हणजे 'ओरिमासु' की 'इराश्शाइमासु' ह्याचे उत्तर त्यातून निघते. दुसरी अशी की, नम्रवचनाचे दोन प्रकार आरंभापासूनच वेगळे ठेवावेत. २००७ च्या मार्गदर्शिकेचा हा लाभ पाठ्यपुस्तकांनी सोडू नये. तिसरी गोष्ट अध्यापकांना अधिक अवघड वाटेल. विद्यार्थ्याला नम्रता शिकविताना तिची खालची मर्यादाही शिकविली पाहिजे. 'मोशिवाके गोझाइमासेन' ह्या दिलगिरीच्या वाक्याचा शब्दशः अर्थ 'सांगण्याजोगी सबब नाही' असा आहे. जेथे चूक आपली आहे तेथे ते पूर्णपणे उच्चारावे. जेथे ती आपली नाही तेथे 'ओसोरेइरिमासु गा' ह्या संकोचदर्शक शब्दांनी आरंभ करून वस्तुस्थिती स्पष्ट सांगता येते, आणि जपानी भाषेत त्याला उद्धटपणा मानीत नाहीत. हा फरक माहीत नसलेला दुभाषी सभ्य दिसण्याच्या भरात आपल्या बाजूचा दोष नसतानाही तो कबूल करून बसतो, आणि त्याची किंमत करारात मोजावी लागते.

केइगो जुनाट म्हणून टाकून द्यावे असा ह्या विवेचनाचा निष्कर्ष नाही. कर्ता न उच्चारता संबंध सूचित करण्याची जी शक्ती जपानी भाषेला लाभली आहे, ती ह्याच व्यवस्थेमुळे. आक्षेप आहे तो एकतर्फी व्यवहाराला परस्पर-आदर म्हणण्यास. पुढील शासकीय मार्गदर्शन जेव्हा केव्हा तयार होईल, तेव्हा त्यातील उपयोगाच्या अध्यायात सेवकाच्या वाक्याबरोबर ग्राहकाचे, आणि कनिष्ठाच्या वाक्याबरोबर वरिष्ठाचे वाक्यही तपासले जावे. त्यावाचून १९५२ साली मांडलेले तत्त्व पुरे झाले असे म्हणता येणार नाही.